इंजिन भारी, डबे मध्यम, रूळ हलका

खेळण्यातली रेल्वे तीन दर्जांत मिळते, हे नेकनूरच्या हिरवा डोंगर नागरी सहकारी पतसंस्थेच्या संचालक मंडळाला त्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत ठाऊक नव्हतं. ठाऊक नव्हतं तोवर सगळं सुरळीत चाललं होतं.

लातूरला रेल्वेनं पाणी आल्याचं टीव्हीवर दाखवत होते. संस्थेचे अध्यक्ष सुंदरराव, ज्यांना गाव 'आबा' म्हणे, ते पंख्याखाली बसून ही बातमी पुन:पुन्हा बघत होते. 'हिरवा डोंगर' संस्था ज्या डोंगरावरून नाव घेऊन बसली होती त्यावर शेळीच्या तोंडाला लागेल असंही काही उरलं नव्हतं.

"बघा," आबा म्हणाले, "त्यांच्याकडं रूळ हायेत म्हनून पानी आलं. आपल्याला उद्या कुनी गंगा जरी दिली, तरी ती आनायची कशावरून?"

समोर शहादेव जोगदंड उभे होते. ते संस्थेचे प्रभारी व्यवस्थापक. प्रभारी म्हणजे काय, हे सहकारात न वावरलेल्याला सांगणं अवघड आहे. खुर्ची व्यवस्थापकाची, शिव्या व्यवस्थापकाच्या, पगार मात्र वरिष्ठ लिपिकाचा. आणि उद्या नवा माणूस आला तर खुर्ची पुसून द्यायची, तीही आपल्याच रुमालानं. शहादेव नऊ वर्षं प्रभारी होते. एवढ्या काळात राज्यात कितीतरी खाती इकडची तिकडं झाली, पण शहादेवांचा प्रभार कुणी काढून घेतला नाही आणि कायमही केला नाही.

"एक मे ला नव्या इमारतीचं उद्घाटन हाय," आबा म्हणाले. "पाव्हने येनार, जिल्ह्याचे पुढारी. गेली कित्येक वर्षं ते प्रत्येक भाषनात रेल्वे आनतेत, पन खरीचं काम आजून नगरकडंच अडकलंय. आपण त्यांना रेल्वे दाखवू. नगरहून सुटली, कड्याला आली, बीड, मग नेकनूर. डब्यात पानी. पाव्हन्यांनी बटन दाबायचं."

"पण आबा, रेल्वेच्या नकाशात नेकनूर—"

"नकाशा आपलाच हाय ना? मग टाका नेकनूर." आबांनी टीव्हीचा आवाज कमी केला. आता महत्त्वाचं बोलणार, याची ती खूण होती. "जोगदंड, रेल्वे चालली की त्याच स्टेजवरून तुमचं कायमचं जाहीर करतो. न्हाई चालली, तर मग बाहेरून मानूस आनावा लागंल. संचालक लई मागं लागलेत."

शहादेव एक्कावन्न वर्षांचे होते. बाहेरून आलेल्या एखाद्या तिशीतल्या साहेबाला 'सर' म्हणत निवृत्त व्हायची त्यांची तयारी नव्हती. ते म्हणाले, "चालंल आबा." इथून पुढचे पंधरा दिवस ते नीट जेवले नाहीत.

सहकारी संस्थेत साधी सुतळी घ्यायची झाली तरी तीन दरपत्रकं लागतात. याची एक रूढ पद्धत आहे. ज्याच्याकडून माल घ्यायचा ठरलेला असतो, तोच दुकानदार आपल्या मेव्हण्याच्या आणि साडूच्या नावानं आणखी दोन चढी दरपत्रकं आणून देतो. सगळ्यांचं काम भागतं. शहादेवांना हा प्रकार मान्य नव्हता. त्यांनी आयुष्यात खोटं दरपत्रक फायलीला लावलं नव्हतं आणि कायम व्हायच्या तोंडावर तर ते लावणारच नव्हते. ते खरोखरीच तीन गावच्या तीन दुकानांत गेले. पुढं जे घडलं त्याचं मूळ या प्रामाणिकपणात होतं. बनावट दरपत्रकांवर रेल्वे घेतली असती तर ती निदान एका मापाची तरी आली असती.

पहिलं दुकान बीडचं. तिथं रेल्वे प्लास्टिकच्या वेष्टनात, बाहुल्या आणि पिचकाऱ्यांच्या शेजारी टांगलेली होती. साडेतेराशे रुपये, इंजिन, चार डबे, गोल रूळ, सिग्नल, शिट्टी. "दोन सेल घाला अन् सोडा," दुकानदार म्हणाला. त्यानं सोडूनही दाखवली. फरशीवरून, चपलांमधून वाट काढत ती शिट्टी वाजवत थेट गल्ल्याखाली गेली.

"टिकते किती?"

"टिकायला ती काय भांडी हायेत का साहेब?"

दुसरं दुकान औरंगाबादचं. तिथं मधला दर्जा होता. नऊ-साडेनऊ हजारांत मोठा खोका, त्यात डबे चांगले दणकट, पण चालवायला पुस्तिका वाचावी लागणार. दुकानदारानं पुस्तिका दाखवली. ती कुठल्याशा परक्या भाषेत होती, पण चित्रं होती.

तिसरं पुण्याचं. तिथला माणूस पांढरे हातमोजे घालून आला. त्यानं निळ्या मखमलीच्या पेटीतून एक इंजिन काढलं आणि काचेवर असं ठेवलं, की शहादेवांनी नकळत पायातली चप्पल मागं सरकवली. इंजिनाच्या दाराला मूठ होती. मुठीला कडी होती. आत बोटाच्या पेराएवढा ड्रायव्हर बसला होता आणि त्याच्या शर्टाला खिसा होता.

"चोवीस हजार," माणूस म्हणाला. "फक्त इंजिन."

"चालतं का?"

"अप्रतिम चालतं." मग इंजिन परत पेटीत ठेवत तो म्हणाला, "पण हे घेणारे सहसा चालवत नाहीत."

शहादेवांना बाजाराचं तत्त्व तिथंच कळलं. हलका माल कुठंही चालतो, फक्त टिकत नाही. मध्यम माल चालवता आला तर चालतो. भारी माल उत्तम चालतो, पण तो चालवायचा नसतो. दरपत्रक देताना हातमोजेवाला एवढंच म्हणाला, "काका, काहीही घ्या, पण सगळं एका घरचं घ्या. आमचं तर आमचं, नाहीतर त्यांचं तर त्यांचं." शहादेवांनी मान डोलावली. हे वाक्य त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. संचालक मंडळाच्या डोक्यात ते बसेल, असं मात्र त्यांना उगाच वाटलं.

घरी आल्यावर त्यांच्या पत्नी कौशल्याबाईंनी विचारलं, "केवढ्याचं म्हनलाव?"

"चोवीस हजार."

"इंजिन? खेळन्यातलं?" त्या रिकाम्या हंड्यांच्या ओळीकडं बघत हिशेब करू लागल्या. "आवो, त्याच्यात आख्ख्या गल्लीला किती टँकर येतील! अन् त्या टँकरला ड्रायव्हर बी जिता असतोय, खिशासकट."

शेजारचे आश्रुबा ओट्यावर होतेच. ते एस.टी.चे निवृत्त चालक. चाक असलेल्या कुठल्याही वस्तूबद्दल आपलं मत विचारलंच गेलं आहे, असं ते धरून चालत. "जय भीम, साहेब. माझं ऐकाल तर रेल्वे कावून घेता? बस घ्या बस. बसला रूळ लागत न्हाई. पन्नास रुपयाला भेटती. पाव्हन्याच्या हातात दोरी द्या अन् म्हना, वढा."

"आश्रूदादा, बस इथं येतीच हाय की रोज."

"तेच म्हनतोय. जे येतंय ते दाखवावं मानसानं."

संचालक मंडळाच्या सभेत शहादेवांनी तिन्ही दरपत्रकं मांडली आणि मधला संच, सगळा एका घरचा, घ्यावा अशी शिफारस केली. खताचे दुकानदार संचालक रामहरी ताबडतोब उठले. बीडचं दुकान त्यांच्या साडूचं होतं. हे सगळ्यांना माहीत होतं म्हणून कुणी बोललं नाही. "खेळन्याला एवढे पैसे? दुष्काळ हाय का काय हाय? साडेतेराशात शिट्टी बी भेटती."

"पाव्हन्यांच्या हाताखाली प्लास्टिकचं इंजिन ठिवता?" आबा कडाडले. "भारी घ्या. पुन्याचं."

दोन्ही बाजूंनी आवाज चढले. सभा मोडणार असं दिसू लागलं, तेव्हा मालनबाईंनी पदर सावरला. त्या महिला राखीव जागेवरून आल्या होत्या, पण गावातली निम्मी लग्नं त्यांनीच जुळवलेली असल्यामुळं त्यांच्यापुढं अध्यक्षही खालच्या पट्टीत बोलत.

"कावून भांडता?" त्या म्हणाल्या. "तुमी लग्नात काय सगळ्यांना सारखाच आहेर करता का? विहिनीला शालू. करवलीला मधली साडी. बाकीच्याला टावेल-टोपी. मानाप्रमानं करावं लागतं. पाव्हने बघनार कुठं? इंजिनाकडं. इंजिन भारी घ्या. डबे मागं असतेत, ते मधले घ्या. अन् रूळ? रूळ मातीत हायेत. रुळाकडं कोन बघतंय?"

 हा इतका न्याय्य तोडगा होता की कुणालाच विरोध सुचेना. आबांचं इंजिन राहिलं, रामहरींच्या साडूचा रूळ राहिला, शहादेवांच्या शिफारशीचे डबेही राहिले.

"पण ताई," शहादेव म्हणाले, "पुन्याचा मानूस म्हनला, सगळं एका घरचं घ्या."

"त्यो दुकानदार हाय," आबा म्हणाले. "त्यो तसंच म्हननार. आपण सोयरीक तरी एका घरात सगळ्या पोरी देऊन करतो का?"

शहादेवांनी ठराव लिहिला. त्यांची ठरावाची भाषा तालुक्यात नावाजलेली होती. 'घटकनिहाय गुणवत्ता व दर्शनी महत्त्व यांचा साकल्याने विचार करून' असं त्यांनी लिहिलं, आणि लिहून झाल्यावर वाचलं तेव्हा त्यांना स्वतःलाच ते पटलं. चांगलं मराठी लिहिता येणाऱ्या माणसावर हा प्रसंग नेहमी येतो.

त्यानंतर खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा, याचा घोळ झाला. 'इंजिन खरेदी' म्हटल्यावर लेखापरीक्षकांचा फोन आला, की इंजिन म्हणजे वाहन आणि वाहनाला पूर्वपरवानगी लागते. शहादेवांनी ते 'फर्निचर' केलं. तर फर्निचरला लाकडाचं वर्णन मागितलं गेलं. शेवटी इंजिन 'जाहिरात व प्रसिद्धी'त, डबे 'सभा खर्चा'त आणि रूळ 'इमारत दुरुस्ती'त बसले. म्हणजे खोक्यातून निघायच्या आधीच ते एकमेकांपासून सुटले होते. तीन गावांहून सुटा-सुटा माल यायला महिनाअखेर उजाडली.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी, शनिवारी रात्री, नव्या हॉलमध्ये खोकी उघडली गेली. पत्र्याचं छत दिवसभरात इतकं तापलं होतं की पाल सुद्धा खाली उतरली होती. मोठ्या फळीवर माती पसरली होती. पुठ्ठ्याची स्टेशनं उभी होती. त्यांत नेकनूरचं स्टेशन सगळ्यात मोठं, नगरच्या दुप्पट. शहादेवांनी बीडचा रूळ जोडला. तो भगव्या प्लास्टिकचा होता. मग हात धुऊन, पुसून, त्यांनी मखमलीच्या पेटीतून इंजिन काढलं आणि रुळावर ठेवलं.

ते रुळावर राहिलंच नाही. रूळ रुंद, इंजिन अरुंद. दोन्ही बाजूंची चाकं आत पडली आणि चोवीस हजारांचं इंजिन चारीत पाय घसरलेल्या बैलासारखं पोटावर बसलं. शहादेवांनी डबे काढले. ते इंजिनापेक्षा थोराड होते. शेळीला उसाची गाडी जुंपावी तसं दिसू लागलं. डब्यांची कडी इंजिनाच्या आकड्यात जाईना.

शहादेवांच्या कानात शीळ वाजू लागली. त्यांनी पुण्याला फोन लावला.

"रूळ कुठला आहे?" हातमोजेवाल्यानं विचारलं.

"प्लास्टिकचा."

 तो हळू आवाजात, दवाखान्यात नातेवाइकाशी बोलावं तसं बोलला. "काका, त्या स्वस्तातल्या इंजिनाच्या पोटात सेल असतात, म्हणून त्याला कसलाही रूळ चालतो. आमच्या इंजिनात वीज नसते. ती धातूच्या रुळातून येते, चाकातून आत जाते. रूळच नसेल तर इंजिन म्हणजे नुसता ठोकळा."

"मग चोवीस हजार कशाचे घेतले?"

"बारकाव्यांचे."

"तुमच्याकडचा रूळ आज पाठवता का?"

"आता दुकान बंद झालं. उद्या बसला दिला तर सोमवारी मिळेल."

कार्यक्रम रविवारी सकाळी होता. शहादेव फळीच्या कडेला टेकले. बाहेरून आलेल्या साहेबाचा चेहरा त्यांना दिसू लागला. त्याला चष्मा होता आणि तो शहादेवांना 'अहो जोगदंड' म्हणत होता.

आश्रुबा बातमी लागताच आले. त्यांनी इंजिनाभोवती दोन फेऱ्या मारल्या. "ढकलस्टार्ट करून बघितलं का?"

"दादा, त्याला इंजनच न्हाई."

"इंजिनाला इंजन न्हाई?" आश्रुबा गंभीर झाले. "मंग फसवलं तुमाला."

कौशल्याबाई डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "धातू म्हंजे कसला बी चालतोय का? भाकरी गुंडाळायची चंदेरी पट्टी चालंल?"

शहादेवांनी मान वर केली.

मग जे काम सुरू झालं ते ठरावात बसण्यासारखं नव्हतं. आश्रुबांनी करवतीच्या पात्यानं रुळाच्या आडव्या पट्ट्या मधून कापल्या, रूळ इंजिनाच्या मापाला जवळ आणले आणि खिळ्यांनी फळीला ठोकले. कौशल्याबाईंनी चंदेरी कागदाच्या बोटाएवढ्या पट्ट्या कापल्या आणि शहादेवांनी त्या गोंद लावून रुळावर बसवल्या, एकापुढं एक, श्वास रोखून. डबे आता रुळावर मावत नव्हते. त्यांची चाकं रुळाच्या दोन्ही अंगांना मातीवरून जाणार होती. आकडा जुळत नव्हता म्हणून कौशल्याबाईंनी गोधडीच्या दोऱ्यानं डबे इंजिनाला बांधले.

"पानी कुठं घालायचं?" त्यांनी विचारलं.

"डब्यात. आबांनी खरं पानी घाला म्हनलंय."

"एक थेंब देनार न्हाई," कौशल्याबाई म्हणाल्या. "चार दिस झाले टँकर आला न्हाई. निळा कागद लावा." यावर अपील नव्हतं.

रविवारी सकाळी संस्थेच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीवरून वीज जोडली. शहादेवांनी डोळे मिटून बटण दाबलं. इंजिन थरथरलं आणि निघालं. दोऱ्याला ताण आला, डबे मातीतून डुलत निघाले. नगर गेलं. कडा आलं. वळणावर मागचा डबा एका चाकावर झाला, पण पडला नाही. बीड. आणि मग नेकनूर! इंजिन त्या थोरल्या स्टेशनासमोर येऊन उभं राहिलं. आश्रुबांनी फटकन टाळी वाजवली. कौशल्याबाईंनी तोंडाला पदर लावला.

"आजून एकदा बघायचं का?" आश्रुबांनी विचारलं.

कुणीच हो म्हणालं नाही. जे एकदा झालं ते पुन्हा तपासून बघू नये, एवढं शहाणपण तिघांनाही होतं.

पाहुणे दहाला येणार होते. दहाला हॉल भरला, कारण आबांनी एक व्यवस्था केली होती. टँकर आला की माणसं उठून पळतात, म्हणून टँकरवाल्याला निरोप गेला होता, की गावाबाहेर लिंबाखाली उभा राहा, कार्यक्रम संपल्यावरच ये. अकरा वाजले. साडेअकरा झाले. पत्रा तापला तसा हॉल भट्टीसारखा झाला. शहादेव फळीमागं उभे होते आणि त्यांचं लक्ष फक्त एका गोष्टीकडं होतं: गोंद. कड्याच्या अलीकडची एक पट्टी कडेनं सुटून वर येऊ लागली होती, तव्यावरच्या भाकरीला पापुद्रा सुटावा तशी. त्यांनी बोटानं ती दाबली. बोट काढलं की ती परत वर येई. मग त्यांनी बोट काढलंच नाही. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, की व्यवस्थापक नकाशावर काही समजावून सांगताहेत.

साडेबाराला पाहुणे आले. हार, नारळ, भाषणं. आबा म्हणाले, पाहुणे म्हणजे जिल्ह्याचं इंजिन आहेत. पाहुणे म्हणाले, "रेल्वे येणार म्हणजे येणारच. मी कामाला लागलोय. ज्यांना शंका आहे त्यांनी हे दृश्य बघावं." आणि ते फळीकडं आले.

"जोगदंड, बाजूला व्हा," आबा दात दिसतील असं हसत म्हणाले. "पाव्हन्यांना जागा द्या."

शहादेवांना बोट काढावं लागलं.

पाहुण्यांनी बटण दाबलं. इंजिन निघालं. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतली माणसं उभी राहिली म्हणून दुसऱ्या रांगेतली खुर्च्यांवर चढली. नगरच्या पुठ्ठ्याच्या स्टेशनावरून गाडी डौलात पुढं गेली. शहादेवांचे ओठ हलत होते. ते चाकांना विनवत होते. मग चाक त्या पट्टीवर आलं. पट्टी वर उठली, इंजिनाच्या पुढ्यात उभी राहिली आणि हळूच त्याच्या तोंडावर पडली. इंजिन थांबलं. नगरच्या पुढं, कड्याच्या अलीकडं.

पाहुण्यांनी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा. हॉलमध्ये फक्त बटणाचा आवाज येत होता.

मागून एका म्हातारीनं विचारलं, "आली का गं?"

"न्हाई," कुणीतरी सांगितलं. "आजून नगरकडंच हाय."

पहिल्यांदा एक जण हसला. मग एक रांग हसली. मग असं हसू फुटलं, की पत्रा हलला. बरीच वर्षं साठलेलं हसू होतं ते; त्याला फक्त वाट पाहिजे होती. पाहुण्यांचा चेहरा फेट्याच्या रंगाचा झाला. आबा दोन्ही हात वर करून शांत राहा, शांत राहा म्हणत होते. तेवढ्यात बाहेर भोंगा वाजला. लिंबाखाली तीन तास तापलेला टँकरवाला वैतागून गावात शिरला होता.

"टँकर!"

हॉल क्षणात रिकामा झाला. खुर्च्या उलट्या पडल्या, हार तुडवला गेला. मागं राहिले पाहुणे, संचालक मंडळ, शहादेव आणि कड्याच्या अलीकडं उभी असलेली रेल्वे.

"हे मुद्दाम केलंय," पाहुणे म्हणाले. आवाज शांत होता, म्हणून जास्त भीती वाटली. "माझी टिंगल. बरोब्बर तिथंच थांबवली. कुणाची कल्पना?"

आबांचं बोट शहादेवांकडं वळलं. तेवढंच काय ते झपकन चाललं.

"साहेब, तसं न्हाई," शहादेव म्हणाले. "त्या पट्टीचा गोंद..."

"गोंद!" पाहुणे म्हणाले. "आबा, मला या माणसावर कारवाई पाहिजे. उद्याच्या उद्या. कोण आहे हा?"

"प्रभारी व्यवस्थापक," आबा म्हणाले.

"प्रभारी? मग प्रभारीच्या कामाची जबाबदारी कुणाची असते?"

या प्रश्नाचं उत्तर उपविधीत होतं आणि ते सगळ्यांना माहीत होतं. पद रिकामं असताना व्यवस्थापकाच्या कामाची जबाबदारी अध्यक्षांची. आबांनी घाम पुसला. रामहरी पत्र्याकडं बघू लागले. शहादेवांनाही उत्तर माहीत होतं, पण ते बोलले नाहीत. कायम होण्याची आशा सुटली होती; उगाच आबांशी वैर कशाला?

"असं कसं?" मालनबाई म्हणाल्या. "जोगदंड साहेब प्रभारी हायेत हे म्हनलं कुनी? ते कायमच हायेत."

सगळे त्यांच्याकडं बघू लागले.

"ठराव व्हायचा राहिला असंल," त्या म्हणाल्या. "आत्ता करू. मी सूचक. रामहरी, तुमी अनुमोदक."

आबांना हे कळायला दोन क्षण लागले. कळलं तेव्हा त्यांच्या अंगात जीव आला. "बरोबर! कायमच हाय त्यो! पूर्वलक्षी प्रभावानं! रेल्वेचा ठराव व्हायच्या आधीपासनं!"

"मग जबाबदारी त्याची," पाहुणे म्हणाले.

"सगळी त्याची!" आबा म्हणाले.

पाच संचालकांनी उभ्या-उभ्या सह्या केल्या. नऊ वर्षं जे झालं नव्हतं ते पाण्याचा टँकर रिकामा व्हायच्या आत झालं. शहादेव भिंतीला टेकून उभे होते. आपल्याला आनंद झाला आहे की आपण संकटात आहोत, हे त्यांना नेमकं ठरवता येत नव्हतं. जाता-जाता मालनबाई त्यांच्याजवळ थांबल्या. "पूर्वलक्षी म्हंजे मागचा पगार बी निघतोय, न्हाई का?" असं म्हणून त्या चालू लागल्या.

सोमवारी आबांनी त्यांना बोलावलं. "कारणे दाखवा नोटीस काढायची हाय. पाव्हन्यांचा सकाळपासून दोनदा फोन आला. रामहरीनं मसुदा केलाय. नोटीस कुनाच्या सहीनं जाती?"

"व्यवस्थापकाच्या, आबा."

"मंग काढा की."

शहादेव मसुदा, शिक्का आणि नोंदवही घरी घेऊन आले. ओट्यावर आश्रुबा होते. त्यांना अभिनंदन करायचं की सांत्वन, हे कळत नसल्यानं ते नुसते "व्हय व्हय" म्हणत होते. शहादेवांनी चष्मा लावून मसुदा वाचला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. 'तुम्ही रेल्वे नीट आणली नाही, तरी कळवावे' असं रामहरींनी लिहिलं होतं.

"ह्याला नोटीस म्हनतेत का?" ते म्हणाले आणि लिहायला बसले. 'आपण तीन भिन्न दर्जांचा माल परस्परांशी सुसंगत आहे किंवा कसे याची खातरजमा न करता... संस्थेच्या व मान्यवरांच्या प्रतिष्ठेस जाहीर बाधा आणली असून... आपल्याविरुद्ध कठोर कारवाई का करण्यात येऊ नये...' पेन थांबत नव्हतं. नऊ वर्षांत त्यांनी इतकी निर्दोष नोटीस लिहिली नव्हती.

कौशल्याबाईंनी खांद्यावरून वाचलं. "आवो, सोताला एवढं कडक कावून लिवायलाव?"

"मी न्हाई लिहीत. व्यवस्थापक लिहितोय. नवा मानूस पहिल्याच नोटिशीत ढिला पडला, असं उद्या कुनी म्हनाय नगं."

रामहरींनी खुलाशाला सात दिवस दिले होते. शहादेवांनी सात खोडलं आणि तीन केलं. मग खाली सही केली, शिक्का मारला, आवक-जावक क्रमांक टाकला. त्यानंतर दुसरी प्रत समोर ओढून 'मिळाली' असं लिहिलं, पुन्हा सही केली आणि ज्याला नोटीस आली आहे त्या माणसाच्या नजरेनं ती पहिल्यापासून वाचली.

शेवटच्या ओळीवर ते थबकले. त्यांचा चेहरा हळूहळू लाल झाला.

"तीन दिवस?" ते कागद आपटून म्हणाले. "नऊ वर्षं घासलेल्या मानसाला फक्त तीन दिवस? आश्रूदादा, तुमीच सांगा, ह्या असल्या मॅनेजरच्या हाताखाली मानसानं काम करायचं कसं?"